राजदूत आमच्या दारी

भंगारवाला जी वस्तू किलोच्या भावानं मागत होता ती नगाच्या भावानं विकत घेणारा वाशीम जिल्ह्यातला पहिला माणूस मीच असेन, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे. सौ.चे हिशेब सहसा चुकत नाहीत. तेहतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आणि तेवढीच वर्षं तिनं माझ्या पगारात घर चालवलं. यातलं गणित कोणाला जास्त येत असणार हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी सकाळी मी शेजारच्या निवृत्त तहसीलदारांना सहज म्हणालो, "आज आमच्याकडे राजदूत येणार आहेत."

तहसीलदार म्हटला की निवृत्त झाला तरी बंदोबस्ताची सवय जात नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला. "कोणत्या देशाचे?"

"मूळचे पोलंडचे. फरिदाबादमार्गे येतात."

ते आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले. थोड्या वेळानं गल्लीत एक छोटा हत्ती शिरला (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, छोटा हत्ती म्हणजे चार चाकांचा लहान मालटेम्पो) आणि त्यातून दोन माणसांनी, दोरखंड सोडून, हँडलाला नि मागच्या चाकाला धरून एक मोटारसायकल खाली उतरवली. रंग कोणता म्हणाल तर गंज. सीटच्या जागी पोत्याची चौघडी घडी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे लोखंडी आकडे. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीचं घर. तहसीलदारांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सर, हा पंचनामा करायचा विषय आहे."

तर अशा रीतीनं १९७४ सालची राजदूत १७५ आमच्या दारात उभी राहिली. उभी म्हणजे भिंतीला टेकून. स्टँड नव्हता.

त्या काळी आपल्या देशात दोन राजदूत होते. एक चार चाकांचा. त्याचं नाव इंग्रजीत होतं, ॲम्बॅसडर. त्यात मंत्री बसत, कलेक्टर बसत, लग्नात नवरदेव बसे. दुसरा दोन चाकांचा. त्याला नाव मिळालं ते संस्कृतातलं, आणि त्याच्यावर ग्रामसेवक, ढोरांचे डॉक्टर, विम्याचे एजंट, दूधवाले आणि दोन बायकांमध्ये एक पोर असे सगळे मिळून चौघं बसत. अर्थ एकच, पण इंग्रजीतल्याला छत आणि देशी नावाच्याला ऊन. आपल्या भाषाधोरणाचा इतिहास लिहायचा झाला तर मी या दोन वाहनांपासून सुरुवात करीन. गंमत अशी, की रक्तानं दोघेही परदेशी. ॲम्बॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि राजदूत म्हणजे पोलंडची एसएचएल एम ११.

पोलंडमध्ये किएल्त्से नावाचं गाव आहे. तिथं लोखंडाचा एक जुना कारखाना होता, त्याच्या नावाच्या आद्याक्षरांतून एसएचएल ही तीन अक्षरं निघाली. दुसऱ्या महायुद्धाआधी या कारखान्यात पोलिश घोडदळाच्या तलवारी तयार होत. पुढं १९३८ मध्ये त्यानं मोटारसायकली काढल्या आणि लगेच पुढच्या वर्षी हिटलर पोलंडात शिरला. युद्ध संपलं, राजवट बदलली, कारखाना पुन्हा सुरू झाला आणि १९६१ च्या सुमारास त्यानं एम ११ नावाचं १७३ सी.सी.चं, तीन गिअरचं, धट्टंकट्टं मॉडेल काढलं. तलवारी घडवणाऱ्या भट्टीतून आलेली गाडी म्हटल्यावर तिचं वजन आणि तिचा आवाज या दोहोंचा उलगडा होतो.

इकडे आपल्याकडे एस्कॉर्ट्स ही कंपनी. नंदा बंधूंनी १९४४ साली लाहोरला सुरू केलेली, फाळणीनंतर दिल्लीला आलेली. तिला दुचाकी काढायची होती आणि देशात दुष्काळ होता तो परकीय चलनाचा. डॉलर नाही, पौंड मोजून मापून. अशा वेळी पोलंड, चेकोस्लोव्हाकिया अशा देशांशी आपला व्यवहार रुपयांत होत असे. म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि नंतर वाटीभर डाळ द्यायची, तसं. त्यामुळे एस्कॉर्ट्सनं पोलंडकडून मोटारसायकल घेतली, ट्रॅक्टरही घेतला. ट्रॅक्टरच्या पोलिश कंपनीचं नाव उर्सुस, म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. अस्वल आणि राजदूत एकाच सुमारास फरिदाबादला आले आणि दोघेही पुढं आमच्या काळ्या मातीत रुतले.

पोलंडचं आणि महाराष्ट्राचं नातं तसं आणखी जुनं आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. रशियातून हालअपेष्टा सोसत ही माणसं पंचगंगेच्या काठी येऊन राहिली. तेहतीस वर्षांत मी पोरांना पानिपत सतरा प्रकारे शिकवलं, पण वळिवड्याचं नाव वर्गात काढल्याचं मला आठवत नाही. हे मला राजदूत विकत घेतल्यावर कळलं. म्हणजे मोटारसायकलीनं मास्तराला शिकवलं. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुस्तक घेतलं असतं तर दोनशे रुपयांत झालं असतं."

आता मुळात ही बुद्धी मला का झाली, ते सांगतो. सगळं एकदम सांगत नाही.

माझे वडील ग्रामसेवक होते. अकोला जिल्हा परिषदेत. वाशीम तेव्हा अकोल्यातच होतं. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. (इंग्रजांच्या वेळीही वाशीम काही वर्षं जिल्हा होता, १९०५ ला तो अकोल्यात विरघळला. तेव्हा आम्ही नवा जिल्हा नव्हे, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणलेला जुना जिल्हा आहोत. ज्या गावाला वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी असल्याचा अभिमान आहे, त्याला पन्नास वर्षांची मोटारसायकल म्हणजे कालची पोरगी.) बाबांकडे रिसोडकडची, पैनगंगेच्या अंगाची चार-पाच गावं असायची. आधी ते सायकलनं जात. पावसाळ्यात काळी माती सायकलच्या चाकाला अशी धरायची की शेवटी सायकल बाबांच्या खांद्यावर आणि बाबा चिखलात. १९७४ मध्ये त्यांनी सरकारी अग्रीम काढून राजदूत घेतली.

ती गाडी घरात आली त्या दिवशी मी चौदा वर्षांचा होतो. त्याच्या आदल्या वर्षी "बॉबी" नावाचा सिनेमा आला होता. त्यात ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या मोटारसायकलवरून पळून जातात, ती राजदूतचीच जीटीएस. लोक तिला पुढं "बॉबी" असंच म्हणायला लागले. सिनेमा आमच्या गावात पोचला तोवर प्रिंटवर पाऊस पडत होता, पण गाडी ओळखू आली. मी शाळेत सांगितलं की आमच्याकडे बॉबीची गाडी आहे. प्रत्यक्षात आमची गाडी म्हणजे बॉबीचा थोरला काका. मोठी चाकं, पुढं एर्लेस पद्धतीचा दांडगा काटा, ६ व्होल्टचा दिवा. त्या दिव्याच्या उजेडात समोरून येणाऱ्याला आपण दिसत असू, आपल्याला तो दिसत नसे. आणि मागच्या सीटवर डिंपलऐवजी खताची अर्धी गोणी, नसबंदीच्या शिबिराचे कागद, कधी अडलेल्या शेळीच्या मालकाला सोबत घेऊन निघालेला ढोरांचा डॉक्टर.

ती टू-स्ट्रोक गाडी. म्हणजे काय, हे बाबांनी मला जेवताना ताटावर समजावून दिलं होतं. मोठ्या गाडीचं इंजिन एक घोट घेतं, दाबतं, पेटवतं आणि धूर बाहेर टाकतं. चार कामांना चार हेलपाटे. आमच्या गाडीचं इंजिन दोनच हेलपाट्यांत चारही कामं उरकतं. त्याला व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वरखाली होताना स्वतःच भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. तेल वेगळं साठवायला जागा नाही, म्हणून ते पेट्रोलमध्येच कालवायचं. लिटरला पन्नास मिली. पंपावर पेट्रोल भरून झालं की पंपवाला विचारायचा, "ऑइल?" आणि मापानं हिरवट तेल ओतायचा, मग बाबा दोन्ही बाजूंनी गाडी हलवून औषधाची बाटली हलवावी तसं मिश्रण करायचे. तेल जास्त झालं की प्लग काळा पडतो, कमी झालं की पिस्टन धरतो. बाबांच्या खिशात पेन दोन, एक शाईचं आणि एक टाचणीचं डबडं. आणि विजारीच्या खिशात एक जादा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा. गावच्या सभेत बोलायला उठले की खिशातून आधी प्लग पडायचा.

दोन वर्षांतून एकदा सायलेन्सर जाळायचा. आत काजळी धरली की गाडी दमेकऱ्यासारखी चढाला बसते. मग सायलेन्सर काढून त्यात रॉकेलचा बोळा घालून अंगणात पेटवायचा. हा आमच्या घरचा होळीनंतरचा दुसरा शिमगा. आई धुणं काढून घ्यायची, बाबा लांब काठीनं सायलेन्सर ढोसायचे, आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.

आणखी एक सवय. घर दोन फर्लांगांवर आलं की बाबा डावा हात खाली नेऊन पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कारबोरेटरमध्ये उरलंय तेवढ्या पेट्रोलवर गाडी घरापर्यंत यायची आणि ओट्याशी येऊन आपोआप बंद पडायची. पेट्रोल वाचतं आणि कारबोरेटरमध्ये तेल साचत नाही, दुसऱ्या दिवशी एका किकमध्ये गाडी सुरू. इतका नेमका हिशेब मी नंतर कुठल्या अर्थसंकल्पातही पाहिला नाही. आवाज गल्लीच्या तोंडाशी पातळ व्हायला लागला की आई तव्यावर भाकर टाकायची.

१९८३ मध्ये ती गाडी विकली. "फार पेट्रोल पिते," बाबा म्हणाले. ते पुन्हा सायकलवर गेले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, अकोल्याला बी.एड.ला निघालो होतो आणि माझ्या डोक्यात स्वतःशिवाय दुसरा विषय नव्हता. गाडी पेट्रोल पीत होती हे मी मान्य केलं. शिवाय ते खरंही होतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे आता तिसऱ्या वर्षी, आई गेली. तिच्या साड्या वाटून द्यायला पेटी उघडली तर तळाशी बाबांच्या दैनंदिन्या. ग्रामसेवकाला दैनंदिनी लिहावी लागते आणि बाबांचा हात सरकारी. स्वतःच्या लग्नाचीही त्यांनी "सकाळी प्रस्थान, दुपारी कार्य, सायंकाळी परत" अशीच नोंद केली असती. जून १९८३ च्या एका पानावर एकच ओळ होती. "मोटारसायकल दिली. बी.एड. फी भरली. शिल्लक निरंक."

मी पान मिटलं आणि सौ.ला म्हटलं, जरा डोळ्यात धूळ गेली. पेटीत धूळ होतीही.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे. तब्येत ठीक, दात स्वतःचे, काठी फक्त रुबाबापुरती. पण आई गेल्यापासून बोलणं बंद. रागावून नव्हे. लागत नाही म्हणून. "जेवलात?" "हो." "औषध?" "हो." महिन्याचे शब्द मोजले तर एका पोस्टकार्डावर मावतील. डॉक्टर म्हणाले, वय आहे. वय तर आहेच.

तेव्हापासून मी राजदूत शोधू लागलो.

शोधायला निघालं की भलतंच सापडतं. अकोल्याच्या एका मित्रानं येझ्दी देऊ केली. तिचाही इतिहास मोठा गोड आहे. जावा ही गाडी चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक नावाच्या शस्त्रांच्या कारखानदारानं १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटारसायकल घेतली आणि दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडली, जा-वा. मुंबईचे रुस्तम इराणी त्या गाड्या आयात करीत. आयात बंद झाल्यावर त्यांनी म्हैसूरला कारखाना काढला, १९६१ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या आणि पुढं नाव ठेवलं येझ्दी, इराणातल्या यझ्द गावावरून. चेक यंत्र, इराणी नाव, कानडी मजूर आणि गिऱ्हाईक आमच्यासारखं वऱ्हाडी. १९९६ ला तो कारखाना बंद झाला. तिची खासियत अशी की जो दांडा किक मारायचा तोच गिअर टाकायचा. सौ. म्हणाली, "एकाच माणसाकडून दोन कामं करून घ्यायची अक्कल असलेली ही एकच गाडी. घ्यायची तर ही घ्या." पण मला राजदूतच पाहिजे होती. बुलेटचा तर प्रश्नच नव्हता. ती १९५५ पासून मद्रासला बनतेय, तिला अजून मरण आलेलं नाही, आणि तिचे भाव ऐकून मला यायची वेळ होती.

राजदूतला मरण आलं ते जपानी गाड्यांमुळे. १९८४-८५ च्या सुमारास सुझुकी, होंडा, यामाहा अशा १०० सी.सी.च्या गाड्या आल्या. शंभरातली यामाहा तर एस्कॉर्ट्सनंच आणली. म्हणजे घरच्यांनीच सवत आणून बसवली. त्या हलक्या, देखण्या आणि होंडाचं तर पेट्रोल म्हणजे वास घेतल्यासारखं. शहरांनी राजदूत टाकून दिली. मग ती खेड्यांत गेली, दूधवाल्यांकडे. चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन, वर वैरणीचा भारा, कच्चा रस्ता. जपानी गाड्या अशा संसाराला तयार नव्हत्या. त्या बळावर राजदूत एकविसाव्या शतकात शिरली आणि धुराच्या नव्या नियमांना तोंड देत देत बंद झाली. किएल्त्सेची मूळ एसएचएल १९७० च्या सुमारासच संपली होती. मूळ वाडा पडला तरी दूरच्या आतेबहिणीकडे त्याचं कपाट शाबूत असतं, तसं.

म्हणून मी दूधवाले गाठायला सुरुवात केली आणि रिसोड तालुक्यातल्या एका गावी गोठ्यामागं ही सापडली. म्हशीनं तिच्यावर पाठ घासून घासून टाकीचा एक भाग चकचकीत ठेवला होता. टाकीवर एक कोंबडी बसली होती. ती ताबा सोडायला तयार नव्हती.

"कायले पायजे तुमाले हे?" मालकानं विचारलं.

"चालवायला."

त्यानं माझ्याकडं, मग गाडीकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं. आमच्या दोघांत आधी कोण बंद पडेल याचा तो अंदाज घेत असावा. "आवो सर, माया बापानं चालवली, मंग म्या चालवली. आता इंजिन बसलं. भंगारवाला येऊन गेला, किलोनं मागते. शंभरच्या वर भरते म्हणे."

"मी अकरा हजार देतो."

इथं मी चूक केली. सौदा कसा करू नये याचा हा नमुना. समोरच्यानं किंमत सांगण्याआधी आपण सांगायची नसते, हे तहापूर्वीच्या वाटाघाटी शिकवताना मी स्वतः फळ्यावर लिहीत असे. पण त्या माणसाचा चेहरा आनंदानं उजळला नाही. तो गप्प झाला. आत जाऊन पत्र्याच्या डबीतून आर.सी. बुक घेऊन आला. तेल लागून पारदर्शक झालेलं, तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा जुना नंबर, १९७४ सालची अकोल्याची नोंद. ते त्यानं चटकन माझ्या हातात दिलं नाही. "चालू झाली तं एकडाव आणसान," म्हणाला. "बुडा पायल." बुडा म्हणजे त्याचा बाप. ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. मला वाटलं, म्हातारे आपल्या घरातच असतात असं नाही.

कोंबडी उडवायला मात्र त्याच्या बायकोला बोलवावं लागलं.

मिस्त्री शोधणं हे त्याहून अवघड. आजकालच्या पोरांना गाडीला वायर लावून संगणकावर रोग पाहायची सवय. पॉइंटमधलं अंतर पत्त्याच्या पानानं मोजणारी पिढी संपत आली. पाटणी चौकाच्या पलीकडं एक सत्तरीचे चाचा अजून दुकानात बसतात, दुरुस्ती करायला नव्हे, मुलावर ओरडायला. त्यांनी गाडी पाहिली आणि चष्मा बदलला. "सर, ये तो पहले का काटा है," म्हणाले, आणि मुलाला म्हणाले, "चाय बोल."

चार महिने गाडी उघडी पडून होती. सिलेंडर अकोल्याहून रिबोर करून आणलं. पिस्टन आणि रिंगा नागपूरच्या एका जुन्या दुकानात मिळाल्या. चेन-सॉकेट मिळालं ते दुसऱ्याच गाडीचं, ते घासून बसवलं. पुढच्या काट्याचे बुश चाचांनी लेथवर स्वतः कातले. दर आठवड्याला मी नवा आकडा घेऊन घरी यायचो आणि सौ. तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहायची.

याच काळात मला कळलं की माझी गाडी कायद्यानं "विंटेज" आहे. केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत नियम काढला: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ सांगाड्यात, बॉडीत नि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. तिला खास नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी वीस हजार, पुनर्नोंदणीची पाच हजार. पण मग ती रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची किंवा पेट्रोल भरायला. हा नियम मी सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "पन्नास वर्षं तर तुम्हालाही झाली. पण मोतीबिंदूचं भिंग बदललंय, तीन दात नवे आहेत. तुम्ही बसत नाही त्यात." मी तो खास नंबर घेतला नाही. ज्या गाडीनं आयुष्यभर चिखल तुडवला तिला प्रदर्शनात उभं करायचं मला जमेना. जुनाच नंबर ठेवून रीतसर तपासणी, फी, नाव बदलणं हे सगळं पार पाडलं. त्यात उन्हाळा गेला, तो विषय सोडून देऊ.

शेवटी एके दिवशी चाचा म्हणाले, "मारो किक."

मी मारली. म्हणजे साठी उलटलेला मास्तर मारील तशी, अर्धवट, भीत भीत. गाडीनं उलट लाथ मारली, माझी पोटरी झणझणली आणि इंजिन सुरू झालं! निळा धूर, तोच तो फटफट आवाज. दुकानासमोर पंधरा माणसं जमली. मी ऐटीत क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली. सरळ मागं. मी, गाडी आणि चाचांचं स्टूल असे तिघे पानाच्या टपरीला जाऊन भिडलो.

यात चमत्कार काही नाही. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे पिस्टनला कोणत्याही दिशेनं फिरायला हरकत नसते. ठिणगीची वेळ जराशी चुकली आणि किक अर्धवट बसली की ते इंजिन उलटं फिरायला लागतं आणि पहिल्या गिअरमध्ये पाठमोरं निघतं. पण हे मी टपरीवाल्याला कसं समजावणार? त्याच्या चुन्याचा डबा माझ्या मांडीवर होता. चाचा शांतपणे म्हणाले, "हिस्ट्री के मास्टर हो ना सर. गाडी समझ गई."

पॉइंट पुन्हा लावले. नंतर ती पुढं गेली.

ज्या संध्याकाळी गाडी घरी आणली तेव्हा बाबा ओट्यावर खुर्चीत होते. मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला तेव्हा त्यांनी मान वर केली, असं सौ. सांगते, मी पाहिलं नाही, मी गटार चुकवण्यात गुंतलो होतो. मी गाडी ओट्याशी लावली. बाबा काठी न घेता उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवरून हात फिरवला, डाव्या अंगाला थांबले.

"हे ते गाडी नोय," म्हणाले.

"नाही बाबा. ती कुठं मिळणार आता?"

"तिच्या टाकीले इथं पोचा होता." थोडा वेळ गेला. "तू पाडला होता. लिंबाच्या झाडाले घालून. मायले सांगू नको म्हणे."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पंधराव्या वर्षी चोरून गाडी काढली असेन, आणि एवढी वर्षं त्यांनी ते आईलाही सांगितलं नसेल.

"मिश्रण किती टाकलं?"

"लिटरला पन्नास."

"रिंगा नव्या हायत. साठ टाक. पहिले पाचशे किलोमीटर." मग ते चेनकडे वाकले. चेन ढिली. मडगार्ड फार खाली, पावसाळ्यात माती धरील. आरसा कायले पायजे, मागं पाहून काय करतो? हँडल वाकडं. सीट मऊ झाली, पाठ जाईल. सौ. दारात पदराशी हात पुसत उभी होती आणि बाबा बोलत होते. महिन्याचं पोस्टकार्ड त्यांनी दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी भरून टाकलं, वर पत्त्याच्या जागेतही लिहिलं.

मी गप्प बसून ऐकत होतो. मधेच म्हटलं, "बाबा, मी दैनंदिनी वाचली. त्र्याऐंशीची."

त्यांनी चेनवरचं बोट काढलं, धोतराला पुसलं. "फार पेट्रोल प्यायची ते," म्हणाले. आणि वर, "चाल, एक चक्कर."

सौ.नं विरोध केला, तहसीलदारांनी शेजारून कायद्याचा मुद्दा काढला, मी स्वतः घाबरलो. बाबांना गाडीवर बसवायला दोघं लागले, खांद्याला नि कमरेला धरून. माझं हेल्मेट त्यांना मोठं झालं म्हणून आत टॉवेल घातला. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, शेलू बाजारला त्याचं तोंड आहे. पण तिथं दुचाकीला बंदी. तशीही राजदूतची आणि समृद्धीची ओळख कधी झालेली नाही. आम्ही रिसोडच्या रस्त्यानं चार किलोमीटर गेलो, दोन्ही बाजूंना सोयाबीन, पूर्वी तिथं ज्वारी नि कपाशी असायची. बाबा मागून काहीतरी सांगत होते, कोणत्या वळणावर कोणाचं शेत, कोणी कर्ज बुडवलं, कोणाची विहीर कागदावर होती. अर्धं वाऱ्यावर गेलं. दूधवाल्याच्या गावापर्यंत पुढच्या रविवारी जायचं ठरलं. त्याच्या म्हाताऱ्याला मी शब्द दिला आहे.

परत येताना अंधार पडत होता. ६ व्होल्टचा दिवा लावला, तो लागला आहे हे मी हातानं काच चाचपून पाहिलं. पाटणी चौक ओलांडला, आमच्या गल्लीचा विजेचा खांब दिसायला लागला, आणि माझ्या डाव्या खांद्यावर काठीच्या मुठीसारखी दोन बोटं टक्‌टक् वाजली.

"कॉक बंद कर," बाबा म्हणाले.